जर्मनीतले पहिले आठवडे: आधी टपालपेटीवर नाव लावा

पत्ता सांगताना आपल्याला विंग, मजला, फ्लॅट नंबर आणि समोरचं देऊळ एवढं सगळं सांगायची सवय असते. जर्मनीत बहुतेक इमारतींच्या पत्त्यात फ्लॅट नंबर नसतोच. रस्ता, घर क्रमांक, पिनकोड आणि माणसाचं नाव, एवढंच. पोस्टमन टपालपेटीवरचं आडनाव वाचून पत्र टाकतो. नाव सापडलं नाही तर पत्र परत जातं. नव्याने आलेल्यांची गाडी सगळ्यात जास्त इथेच अडते, कारण करक्रमांक, बँकेचं कार्ड, त्याचा पिन, आरोग्यविम्याचं कार्ड, सगळं टपालाने येतं. म्हणून चावी हातात आली की बॅगा उघडायच्या आधी टपालपेटीवर आणि खालच्या बेलवर आडनाव लावा. नीट पाटी नंतर मिळेल, तोवर कागदाची पट्टी आणि चिकटपट्टी पुरते. स्पेलिंग पासपोर्टातलंच हवं. नवरा-बायकोची आडनावं वेगळी असतील तर दोन्ही लावा. दुसऱ्याच्या घरात तात्पुरते राहत असाल आणि पेटीवर तुमचं नाव नसेल, तर पत्त्यात स्वतःच्या नावाखाली ‘बाय’ हा जर्मन शब्द आणि त्या घरवाल्याचं आडनाव लिहायचं.

नावाचा आणखी एक घोळ खास आपला आहे. आपल्या पासपोर्टात पहिल्या नावाच्या रकान्यात बहुतेकदा वडिलांचं किंवा नवऱ्याचं नावही असतं. जर्मन कचेरी ते तुमचंच दुसरं नाव धरते. धरू दे, पण मग बँक, विमा, विद्यापीठ, भाडेकरार सगळीकडे तसंच लिहा. एका कागदावर दोन नावं आणि दुसऱ्यावर तीन असं झालं की खुलासे देत बसावं लागतं.

घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग, करायची असते. बर्लिनमध्ये ती ब्यूर्गरआम्टमध्ये, म्हणजे नागरिकांच्या कामांच्या सरकारी कचेरीत, होते आणि शहरातलं कुठलंही चालतं, घराजवळचंच हवं असं नाही. पासपोर्ट, भरलेला अर्ज आणि घरमालकाने सही केलेला ‘हा माणूस इथे राहायला आला’ असा दाखला, एवढं न्यायचं. नुसता भाडेकरार चालत नाही, हे खिडकीपाशी गेल्यावर कळण्यात अर्थ नाही. म्हणून घर ठरवतानाच विचारा: दाखला देणार का? जो नाही म्हणतो, त्याच्याकडे स्वस्त खोली असली तरी घेऊ नका. मोठ्या शहरांत दोन आठवड्यांत अपॉइंटमेंट बहुतेकदा मिळत नाही. भारतातून निघण्याआधीच शोधायला लागा, उशिराची मिळाली तर बुकिंगचा पुरावा जपून ठेवा.

या अर्जात धर्माचा एक रकाना असतो. तो घाईत भरू नका. कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट लिहिलं की पगारावर चर्च-कर लागतो: बायर्न आणि बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये आयकराच्या 8 टक्के, बाकी राज्यांत 9 टक्के. गोव्यातून किंवा वसईतून येणाऱ्या कॅथलिक मंडळींना हे आधी कुणी सांगत नाही आणि पहिल्या पगाराच्या चिठ्ठीवर कळतं. हिंदूंना किंवा मुसलमानांना हा कर लागत नाही.

नोंदणीनंतर दोन ते चार आठवड्यांत अकरा आकडी करक्रमांक टपालाने येतो. फोनवर किंवा ई-मेलवर तो देत नाहीत, आणि हरवला तर पुन्हा टपालानेच. तो नसला तर कंपनीचा हिशेब विभाग सहाव्या करवर्गाने पैसे कापू शकतो, म्हणजे सगळ्यात जास्त. ते नंतर परत मिळतात, पण भाडं मात्र आत्ताच द्यायचं असतं. घरागणिक महिन्याला 18.36 युरोच्या प्रसारण शुल्काचं पत्रही याच नोंदणीमागून येतं. टीव्ही नाही म्हणून ते फेकून देऊ नका, टीव्ही नसला तरी द्यावंच लागतं. तिघं एका घरात असाल तर एकानेच भरायचं आणि बाकीच्यांनी त्याचा क्रमांक कळवायचा.

विद्यार्थ्यांसाठी दोन गोष्टी. ब्लॉक खात्यातले, म्हणजे व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेल्या आणि दरमहा ठराविक रक्कमच सोडणाऱ्या खात्यातले, महिन्याचे 992 युरो, 2024 च्या सप्टेंबरपासूनचा हा आकडा, जर्मनीत चालू खातं उघडल्याशिवाय सुटत नाहीत. पहिल्या दोन महिन्यांचा खर्च आणि घराची अनामत वेगळी हाताशी ठेवा. दुसरं, वयाच्या तिशीपर्यंत सरकारी आरोग्यविमा विद्यार्थी दराने मिळतो. स्वस्त दिसतो म्हणून खाजगी विमा घेऊन सरकारी विम्यातून सूट मागितली, तर त्या शिक्षणाच्या काळात परत येता येत नाही. ती सही विचार करून करा.

भाड्याची जाहिरात वाचताना ‘काल्ट’ म्हणजे नुसतं भाडं, ‘वार्म’ म्हणजे हीटिंग आणि इमारतीच्या खर्चासकट. वीज बहुतेकदा दोन्हींत नसते. अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्ट भाड्याइतकी, आणि कायद्याने ती तीन हप्त्यांत देता येते.

ही अनामत बुरशीने खाल्ली जाते. खिडक्या इतक्या घट्ट बसतात की आतली वाफ आतच राहते, आणि आपल्या स्वयंपाकात वाफ भरपूर: कुकरच्या शिट्ट्या, उकळता भात, त्यात खोलीतच वाळत घातलेले कपडे. सकाळी काचेच्या खालच्या कडेला पाणी साचलेलं दिसलं की समजायचं. तीच वाफ बाहेरच्या भिंतीच्या थंड कोपऱ्यात, कपाटामागे बसते आणि काळे ठिपके उठतात. खिडकी दिवसभर वरून तिरपी उघडी ठेवल्याने भिंत गार पडते, हवा मात्र फारशी बदलत नाही. खिडकी पूर्ण उघडा, पाच ते दहा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा, त्या वेळी हीटर बंद. कपाट भिंतीपासून चार बोटं लांब. दहा-पंधरा युरोचा आर्द्रतामापक घ्या आणि काटा 60 च्या खाली ठेवा. हीटरचा 3 हा आकडा म्हणजे साधारण 20 अंश. 5 वर फिरवल्याने खोली लवकर तापत नाही, नुसती जास्त तापते.

सामान बांधताना तूप, पेढे, खवा, कढीपत्ता काढून ठेवा: दुधाचे पदार्थ आणि ताजी पानं विमानतळावर काढून घेतात. तूप इथेच होतं, बिनमिठाच्या 250 ग्रॅम लोण्यातून 200 ग्रॅमच्या आसपास. मिक्सर आणता येईल, वीज 230 व्होल्टचीच आहे, फक्त तीन पिनांच्या प्लगला अडॅप्टर लागेल. इंडक्शनवर ॲल्युमिनियमचा कुकर तापत नाही. चुंबक चिकटेल अशा बुडाचा आणा. आणि रात्री दहानंतर मिक्सर लावू नका.

घर सोडायचं ठरलं तर सहसा तीन महिन्यांची नोटीस असते. ती ई-मेलने चालत नाही. हाताने सही केलेलं कागदी पत्र महिन्याच्या तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत घरमालकाकडे पोचायला हवं, नाहीतर आणखी एक महिना भरावा लागतो. ते रजिस्टर टपालाने पाठवा आणि पावती ठेवा.