पीओएस सपोर्टमध्ये येताना: इंदूरच्या दुकानांतून शिकलेलं

इंदुरात बीसीए, एमसीए झालेली आपली मुलं भेटली की प्रश्न ठरलेला असतो: "दादा, कुठलं पीओएस शिकू?" पीओएस म्हणजे दुकानाच्या काउंटरवरचं बिलिंगचं सॉफ्टवेअर. नाव सांगितलं की लगेच त्याचा क्लास शोधतात. म्हणून मी आधी एका कंपनीची वंशावळ ऐकवतो.

२००२ साली मायक्रोसॉफ्टने सेल्स मॅनेजमेंट सिस्टिम्स ही कंपनी घेतली. तिचं क्विकसेल हे दुकानाचं सॉफ्टवेअर पुढे रिटेल मॅनेजमेंट सिस्टिम, म्हणजे आरएमएस झालं. एकट्या दुकानासाठी धाकटं 'पॉइंट ऑफ सेल' निघालं आणि २००९ च्या आवृत्तीनंतर थांबलं. मधेच दोघांनाही डायनॅमिक्स हे आडनाव लागलं. मोठ्या साखळ्यांसाठी डायनॅमिक्स एएक्स या कंपनीभरच्या कारभाराच्या सॉफ्टवेअरमध्ये रिटेलचा भाग आला, त्याचं पुढे डायनॅमिक्स ३६५ रिटेल झालं आणि २०२० पासून कॉमर्स. त्यातलं काउंटरवरचं मॉडर्न पीओएस जाऊन स्टोअर कॉमर्स आलं. आरएमएसचा मुख्य सपोर्ट जुलै २०१६ मध्ये संपला, उरलासुरला जुलै २०२१ मध्ये. आपल्याकडे जीएसटी लागू झाला तो १ जुलै २०१७ ला, म्हणजे बरोबर मधल्या काळात.

आता सेठजींच्या बाजूने बघा. सीतलामाता बाजारातल्या दुकानात बिल निघतंय, गल्ला जुळतोय, मग बदलायचं कशाला? त्यांचं अगदीच चूक नाही. सपोर्ट संपला म्हणून त्या दिवशी काही बंद पडत नाही. कंपनीकडून सुधारणा यायच्या थांबतात, आणि नवीन विंडोज, नवीन प्रिंटर किंवा नवा कर आला की अडायला लागतं. आपलं काम ती तारीख वर्षभर आधी सांगण्याचं. घाबरवून माल खपवणारे बाजारात पुष्कळ आहेत, त्यात भर नको.

एवढ्या उलथापालथीत टिकलं काय? आयटम मास्टर म्हणजे मालाची यादी, स्टॉक, कर, बिलं, पेमेंट. स्क्रीन बदलतो, हे बदलत नाही. म्हणून मी एसक्यूएलवर, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायच्या भाषेवर, अडून बसतो. आरएमएस एसक्यूएल सर्व्हरवर चालायचं आणि त्यातली टेबलं इतकी साफ होती की मला रिटेल समजलं ते त्यांच्यातूनच: आयटम, अलियास म्हणजे एकाच मालाचे जादा बारकोड, बॅच म्हणजे काउंटरची पाळी, टेंडर म्हणजे पैसे कसे आले ते. बिलाच्या टेबलाचं नाव ट्रान्झॅक्शन. हा एसक्यूएलचा स्वतःचा राखीव शब्द, त्यामुळे चौकोनी कंस न घालता क्वेरी लिहिली की एरर ठरलेली. नवीन मुलाला मी मुद्दाम तीच क्वेरी लिहायला देतो.

एसक्यूएल सर्व्हरच्या फुकटच्या एक्स्प्रेस आवृत्तीची मर्यादाही पाठ असू द्या. २००५ च्या आवृत्तीत डेटाबेसला ४ जीबीच जागा होती, २००८ आर२ पासून १०, आणि २०२५ च्या आवृत्तीत ५०. वर्षानुवर्षं न हललेल्या दुकानात ती भरते, आणि भरते ती नेमकी गर्दीच्या दिवसांत. बॅकअप रोज होतो, एवढ्यावर समाधान मानू नका. दुसऱ्या मशीनवर तो रिस्टोअर करून कालच्या विक्रीची बेरीज जुळते का ते बघा.

खरी परीक्षा कराची. तयार कपड्यांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून एका नगाला २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी आहे. आधी हीच सीमा १,००० ला होती, ५ आणि १२ ची. ही किंमत करापूर्वीची, पण आपल्या दुकानांत लेबलवर एमआरपी करासकट. आता २,७०० चा कुर्ता घ्या. ५ टक्के धरून कर वेगळा काढला तर मूळ किंमत २,५७१ येते, म्हणजे १८ लागायला हवा. १८ धरून काढला तर २,२८८ येते, म्हणजे ५ लागायला हवा! २,६२५ च्या वर आणि २,९५० पर्यंत हा घोळ कायम. वर सेलची सूट दिली की किंमत सीमा ओलांडून खाली येते आणि दर पुन्हा बदलतो. कुठलंही सॉफ्टवेअर यात काहीतरी एक नियम गृहीत धरतं. तो कुठला, हे बिल फाडण्याआधी शोधा आणि दुकानाच्या सीएला दाखवा. दर ठरवणं त्यांचं काम, तिथे आपली हुशारी नको. पुष्कळ सेठजी मग त्या पट्ट्यातल्या किमतीचं लेबलच लावत नाहीत.

हार्डवेअर त्यामानाने सोपं. बहुतेक स्कॅनर कीबोर्डसारखाच टाइप करतो, त्यामुळे आधी नोटपॅडमध्ये स्कॅन करून बघा. कॅश ड्रॉवरची तार सहसा कॉम्प्युटरला नसून बिल प्रिंटरला असते. ड्रॉवर उघडत नसेल तर प्रिंटरपासून सुरुवात करा.

नवीन सिस्टिम दिवाळीच्या तोंडावर लावू नका, कुणी कितीही घाई केली तरी. १ एप्रिल सगळ्यात बरा: बिलाची मालिका नवी सुरू करता येते, स्टॉक मोजलेला असतो. मालिका ठरवताना जीएसटीच्या बिलाचा नंबर १६ अक्षरांच्या आत बसवा. दुकानाचं पूर्ण नाव त्यात कोंबायचा हट्ट होतोच.

पुढे सुपर कॉरिडॉरकडच्या कंपन्यांत डायनॅमिक्सचं काम करायचं असेल तर सी शार्प आणि एक्स प्लस प्लस या प्रोग्रॅमिंगच्या भाषा लागतील, पगारही तिकडे बरा. पण सहा महिने राजवाड्याच्या आसपास एखाद्या डीलरकडे काढून मग जा. मी मुलाखतीला बसतो तेव्हा सर्टिफिकेट नंतर बघतो. आधी विचारतो, एक्स रिपोर्ट आणि झेड रिपोर्टमध्ये फरक काय? एक्सने पाळी चालू ठेवून आकडे दिसतात, झेडने ती बंद होते. रात्री दहाला कॅशियरच्या शेजारी उभं राहिलेल्याला ते विचारावं लागत नाही.