विहिरीचे पाणी नुसते खारट आहे की आम्लारिधर्मीही, हे जास्वंदीने कसे ओळखावे

अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी खारट लागते, हे कोणीही सांगेल. मात्र त्यात नुसते मीठ आहे की सोडाही आहे, हे केवळ चवीवर ठरवू नये.

प्रथम लाल जास्वंदीच्या पाकळ्या वाटीत घेऊन त्या बुडतील एवढेच पावसाचे उकळते पाणी ओतावे, अर्धा तास झाकून ठेवावे आणि अर्क गाळून घ्यावा. विहिरीचे पाणी येथे वापरू नये, कारण ज्याची परीक्षा करायची तेच आधी रंग बदलून बसते.

त्यानंतर काचेच्या पाच पेल्यांत सारखेच पावसाचे पाणी घ्यावे. एक तसाच ठेवून बाकीच्यांत अनुक्रमे लिंबाचा रस, मीठ, खाण्याचा सोडा आणि चुन्याची निवळी मिसळावी. निवळी डोळ्यांत जाऊ देऊ नये. प्रत्येकात अर्काचे सारखेच थेंब टाकावेत.

लिंबाचा पेला गडद गुलाबी होतो, कारण आम्ल पाण्याच्या रेणूंना हायड्रोजन आयन (विद्युतभारित कण) देते. चुना विरघळताना हायड्रॉक्साइड आयन सोडतो, म्हणून तो पेला हिरवा होतो. मिठाचे आयन यांपैकी काहीच करत नाहीत. त्यामुळे त्याचा रंग साध्या पाण्यासारखाच राहतो. सोड्याचे वागणे अधिक लक्षपूर्वक पाहावे. त्यात हायड्रॉक्साइड मुळीच नसते, तरी तो पाण्याच्या रेणूकडून हायड्रोजन आयन ओढून घेतो आणि मागे हायड्रॉक्साइड उरते. आम्ल-आम्लारींची ही देवाणघेवाण ब्रॉन्स्टेड आणि लाउरी या रसायनशास्त्रज्ञांनी १९२३ साली मांडली. सोड्याच्या पाण्याचा सामू (pH, म्हणजे पाणी किती आम्ल वा आम्लारिधर्मी आहे हे सांगणारा अंक) सुमारे ८.३, तर संपृक्त निवळीचा सुमारे १२.४ असतो, आणि सामूच्या एका अंकाचा फरक म्हणजे हायड्रोजन आयनांच्या प्रमाणात दहापट फरक होय.

आता विहिरीच्या पाण्यात अर्क टाकून तो पेला या ओळीत लावून पाहावा. शंका राहिल्यास तेच पाणी दहा-पंधरा मिनिटे उकळून, थंड करून पुन्हा तपासावे. सोड्यातील बायकार्बोनेट उकळताना कार्बन डायऑक्साइड सोडून कार्बोनेट बनते, त्यामुळे सोड्याचे पाणी पूर्वीपेक्षा अधिक हिरवे दिसते. निव्वळ मिठाचे तसे होत नाही.

हिरवी झाक दिसल्यास ओलिताआधी पाण्याचा नमुना माती-पाणी परीक्षण प्रयोगशाळेत अवश्य द्यावा. अशा पाण्यातील कार्बोनेट काळ्या मातीतील कॅल्शियमला चुनखडीच्या रूपात अडकवते, त्याची जागा सोडियम घेते आणि जमीन कडक होऊन पाणी मुरणे मंदावते. मातीला पुन्हा कॅल्शियम देणारे जिप्सम किती टाकावे, हे त्या अहवालावरूनच ठरवावे.