रात्री पायवाटेचं काम करताय? यूव्ही टॉर्च ठेवा
मे महिन्यात दिवसा दगडाला हात लागत नाही म्हणून सह्याद्रीत गडाच्या वाटेचं काम आम्ही रात्रीच काढतो, पायऱ्या बसवणं, पावसाआधी पाण्याला चर काढणं वगैरे. हेडलॅम्प सगळेच आणतात पण सोबत एक छोटी यूव्ही टॉर्च ठेवा, दगड उचलायच्या आधी मारायची, विंचू असला तर हिरवट निळा चमकतो, एकदम रेडियमसारखा! नुकतीच कात टाकलेला मात्र चमकत नाही आणि फुरसं, म्हणजे तो छोटा विषारी साप, तर नाहीच नाही, त्यामुळे दगड आधी पहारीनेच उलटवायचा, तोही असा की खालची फट आपल्यापासून लांबच्या बाजूला उघडेल, हात नंतर. लाल विंचू चावला तर झाडपाला करत बसू नका, सरळ दवाखाना, प्राझोसिन हे त्यावरचं औषध लवकर मिळालं पाहिजे.