पन्हाळा–पावनखिंड: आधी एकदा भिजून चाला

जुलैमध्ये मित्रमंडळी मिळून पन्हाळा ते पावनखिंड चालायचं ठरवताय? मग रंकाळ्याच्या रोजच्या फेऱ्यांवर विसंबू नका. ही वाट पन्नासेक किलोमीटरची, चिखलाची, ओढ्यांची. बहुतेक जण ती दोन दिवसांत करतात आणि खरी कसोटी दुसऱ्या दिवशी सकाळी लागते, पाय आखडलेले असताना ओले बूट पुन्हा चढवताना. म्हणून पंधरा दिवस आधी सगळ्यांनी मिळून कोल्हापूरहून जोतिबापर्यंत भर पावसात चालत जा. तेच बूट, तेच मोजे, पाठीवर तीच भरलेली सॅक. बूट कुठे घासतो, कोण चढाला मागे पडतो, हे तिथेच कळू दे. नवे बूट तर थेट मोहिमेवर नकोतच.

जो सर्वांत सावकाश चालतो, त्याला पुढे ठेवा. मसाई पठारावर धुकं उतरलं की दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही, तेव्हा शेवटी वाट माहीत असलेला भक्कम गडी हवा.

कोरडे मोजे प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधा. ते फक्त मुक्कामाला, झोपताना घालायचे. रात्रभर पाय कोरडे राहिले तर दुसऱ्या दिवशी फोड कमी येतात.