वाडीचं समाजमंदिर जांभ्यात बांधताना

कोकणातल्या बांधकामाचं वेळापत्रक पाऊस ठरवतो, म्हणून काम शेवटाकडून मोजत यायचं. मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत कौलं चढलीच पाहिजेत. म्हणजे लाकूडकाम एप्रिलमध्ये, भिंती फेब्रुवारीअखेर, जोतं नाताळापर्यंत आणि पायाचे चर दसऱ्याला. चिरे, म्हणजे जांभ्याचे कापीव दगड, मात्र आदल्याच उन्हाळ्यात खाणीवरून आणून एक पावसाळा उघड्यावर रचून ठेवावेत. ताजा जांभा मऊ असतो, हवा लागली की घट्ट होतो. ज्या चिऱ्याला झिजायचं असतं तो भिंतीत बसण्याआधीच झिजून जातो.

जागेचं आधी उरकून घ्या. तोंडी दिलेली जागा पुढच्या पिढीत कोर्टात जाते. जागा रीतसर नावावर होऊन सातबाऱ्यावर नोंद आल्याशिवाय चर खणू नयेत.

इथला हिशोब आतून ३० बाय २० फुटांच्या, १० फूट उंच भिंतींच्या सभागृहाचा आहे. मांडी घालून शंभर माणसं सहज मावतात. चिरा १४ बाय ९ बाय ७ इंचांचा धरला, तर ९ इंची भिंती, दोन्ही बाजूंचे छपराखालचे त्रिकोण, दोन फूट जोतं आणि भिंतीला जोडून उभे केलेले सहा जोडखांब मिळून, तूटफूट धरून २००० चिरे लागतात. एक चिरा ३० किलोच्या आसपास भरतो, त्यामुळे गाडी कुठपर्यंत येते हे आधी पाहा. शेवटच्या शंभर पावलांची पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, सगळ्या श्रमदानाचा घाम काढते.

चिरा निवडताना हातोडी मारून ऐका. खणखणीत वाजला तर ठेवा, बद्द आवाज आला तर परत पाठवा. पांढऱ्या-पिवळ्या मातीचे मोठे डाग असलेला चिरा जोत्यात तर नकोच. शंका असेल तर कोरडा चिरा तोलून २४ तास पाण्यात बुडवा आणि पुन्हा तोला. वजन १२ टक्क्यांहून जास्त वाढलं, तर ती खाण सोडा.

आखणी करताना आतल्या मापाचे दोन्ही कर्ण मोजा. ते ३६ फूट पाऊण इंचाच्या आसपास आणि एकमेकांइतकेच यायला हवेत. सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावर, कातळ लागला तर खोल खणायची गरज नाही, पृष्ठभाग खडबडीत करून सपाट टप्पे पाडले की झालं. मातीची जागा असेल तर घट्ट थर लागेपर्यंत खाली जावं लागतं, बऱ्याचदा तीन-चार फूट. जोत्यात मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांनी, पाणी मारून चोपत भरा. एकदम भरला की दुसऱ्या वर्षी वरची जमीन, म्हणजे कोबा, खचून चिरतो.

भिंतीच्या चुका बहुतेक मालाच्याच असतात. खाडीची वाळू नको; चिमूटभर जिभेवर ठेवली की खारटपणा कळतो, आणि तो पुढे पांढरं मीठ होऊन भिंतीवर फुटतो. माल १ सिमेंट, १ चुना, ६ वाळू असा पुरतो. चुना किमान आठवडाभर आधी विझवून पाण्याखाली ठेवा. सिमेंट वाढवलं की भिंत मजबूत होते हा गैरसमज आहे: सांधा चिऱ्यापेक्षा टणक झाला की तडा चिऱ्यातून जातो. लावण्याआधी चिरा भिजवा, नाहीतर तो मालातलं पाणी शोषतो आणि सांध्याची नुसती भुकटी उरते. सांधमोड प्रत्येक थरात हवी, म्हणजे खालच्या-वरच्या थरांचे उभे सांधे एका रेषेत येऊ नयेत. दिवसाला पाच थरांच्या वर जाऊ नये.

दारं-खिडक्यांच्या वर चारही भिंतींवरून अखंड फिरणारा सळईचा काँक्रीट पट्टा घाला. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप ज्या पट्ट्यात जाणवला, तिथे ही काटकसर करू नये. बाहेरून सिमेंटचा गिलावा नको, फक्त दर्जा, म्हणजे चिऱ्यांमधले सांधे, भरा. गिलाव्यामागे अडकलेली ओल आतल्या बाजूला उतरते.

आता छप्पर. उतार दर १० फुटांमागे ६ फूट, आणि पागोळ्या भिंतीपासून तीन फूट लांब पडतील इतकं पुढे काढलेलं. याला सुमारे १६०० मंगलोरी कौलं लागतात. भिजलेलं कौल तीन किलोच्या घरात धरा, म्हणजे पाच टनांच्या आसपास भार झाला. त्यासाठी दर १० फुटांवर जोडखांबावर बसणारी कैची, म्हणजे छपराचा त्रिकोणी लाकडी सांगाडा, हवी, ऐन किंवा किंजळाची. झाड आपल्याच आवारातलं असलं तरी तोडायचा परवाना आधी काढा. लाकूड चांगलं वाळलेलं असू द्या. कौलं हातात येईपर्यंत रिपा, म्हणजे कौलं टेकतात त्या आडव्या पट्ट्या, ठोकू नका. जमिनीवर दोन कौलं एकमेकांत अडकवून त्यांचंच अंतर घ्या, ते साधारण साडेबारा इंच येतं.

स्लॅब घालणाऱ्यांची जुनी कौलं स्वस्त मिळतात आणि बऱ्याचदा नव्यापेक्षा चांगली निघतात. पण दोन कारखान्यांच्या खाचा जुळत नाहीत, म्हणून एका उतारावर एकच छाप ठेवा. कौलं खालून आढ्याकडे आणि दोन्ही उतारांवर बरोबरीनं चढवा; एकच बाजू भरली की कैची कलते. पागोळीच्या आणि कडेच्या दोन-दोन ओळी कानाच्या भोकातून तारेनं रिपेला बांधा. जून २०२० च्या निसर्ग वादळासारखा वारा आधी तिथूनच हात घालतो.

श्रमदान कुठे घ्यायचं हे आधीच ठरवा. खणणं, मुरूम चोपणं, चिरे वाहणं, पाणी मारणं वाडीचं. कोपरे, पट्टा आणि कैची मजुरी देऊन गवंडी-सुतारांचं. कौलांची साखळी चाकरमानी मे महिन्यात येतात तेव्हा लावावी, पन्नास हात आपोआप मिळतात. खरं अडतं ते नव्या बांधकामावर पाणी मारण्यावर. दहा दिवस, दिवसातून दोनदा, हे कंटाळवाणं काम सगळ्यांचं म्हटलं की कुणाचंच राहत नाही. घरटी वार लावून द्या आणि कागद बांधकामावरच चिकटवा.

साठ-सत्तर कौलं मागच्या भिंतीला उभी रचून ठेवा. दरवर्षी मृगाआधी कौलं नीट करून फुटकी बदलतात, त्या शाकारणीला तीच लागतात. वर चढणाऱ्यानं पाय कौलाच्या मध्यावर नव्हे, खाली रीप असते त्या ओळीवर ठेवावा.