बीवाययूचा ऑनर कोड : चहापासून एन्डॉर्समेंटपर्यंत, या चुका टाळा

प्रवेश अर्जात ऑनर कोडच्या, म्हणजे विद्यार्थ्यांच्या वागणुकीच्या नियमावलीच्या, चौकटीवर न वाचताच टिचकी मारायची, ही पहिली चूक. युटा राज्यात प्रोव्होला असलेलं ब्रिगहॅम यंग विद्यापीठ, म्हणजे बीवाययू, हे लॅटर-डे सेंट्स चर्चचं, म्हणजे मॉर्मन मंडळींचं. चर्चचे सदस्य नसलेल्यांनाही प्रवेश मिळतो, फक्त फी साधारण दुप्पट पडते. नियम मात्र सगळ्यांना एकच. म्हणून हा कोड धर्मोपदेश समजून सोडून देऊ नका, घराचा भाडेकरार वाचतो तसा ओळ न् ओळ वाचा. 2011 मध्ये देशात तिसऱ्या क्रमांकावर असलेल्या इथल्या बास्केटबॉल संघाचा एक प्रमुख खेळाडू ऐन मोसमात याच कोडपायी बाहेर बसला होता.

सर्वात महाग पडते ती एन्डॉर्समेंटमधली, म्हणजे धर्मगुरूच्या शिफारशीतली, दिरंगाई. प्रवेशाच्या वेळी धर्मगुरूचं शिफारसपत्र दिलं की काम संपलं, असं अनेकांना वाटतं. ती शिफारस दर वर्षी नव्याने घ्यावी लागते. सदस्य असाल तर तुमच्या वॉर्डचा, म्हणजे चर्चच्या स्थानिक मंडळीचा, प्रमुख असलेला बिशप मुलाखत घेतो. सदस्य नसलेल्यांसाठी तीन वाटा आहेत : स्वतःच्या पंथाचा स्थानिक धर्मगुरू, राहत्या भागातल्या वॉर्डचा बिशप, किंवा विद्यापीठाचा चॅप्लेन, म्हणजे कोणत्याही एका पंथाला बांधलेला नसलेला धर्मगुरू. हिंदू किंवा बौद्ध घरातल्या मुलांना चॅप्लेनचा पर्याय सहसा सोपा जातो, कारण बिशप राहत्या पत्त्यानुसार ठरतो. खोली बदलली की बिशपही बदलतो, आणि नव्या बिशपला तुमची काहीच ओळख नसते.

मुदत हुकली की नोंदणीवर होल्ड लागतो आणि पुढच्या सत्राचे विषयच घेता येत नाहीत. एफ-1, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर असाल तर गाठ इथेच बसते. पदवीच्या विद्यार्थ्याला सत्राला किमान 12 क्रेडिट लागतात, आणि सत्र सुरू झाल्यापासून 30 दिवसांत तुमची नोंदणी विद्यापीठाला सेव्हिस या परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंद प्रणालीत कळवावी लागते. एका मुलाखतीपायी व्हिसाचं स्टेटस धोक्यात येतं ते असं. मुलाखतीची वेळ नोंदणी उघडण्याच्या महिनाभर आधीच मागून ठेवा. होल्ड लागलाच, तर विषय सोडण्याआधी किंवा विमानाचं तिकीट काढण्याआधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालय गाठा. सत्राच्या मधोमध आपल्या मनाने विषय सोडून देणं ही त्याहून मोठी चूक.

आता चहा. मराठी मुलांची इथेच विकेट जाते. दारू, तंबाखू, व्हेप यांची बंदी सगळ्यांना ठाऊक असते, पण त्याच यादीत चहा आणि कॉफीही आहे. चर्चच्या 1833 च्या आरोग्यविषयक वचनात ‘गरम पेयं’ असा शब्द आहे आणि त्याचा अर्थ चहा-कॉफी असाच लावला जातो. पण गरम-गार हा मुद्दाच नाही. आइस टी चालत नाही, ग्रीन टीही नाही. कॅफीनवरही बंदी नाही : कॅम्पसवर 2017 पासून कॅफीनवाला कोक मिळतो. तेव्हा ‘आमचा मसाला चहा वेगळा’ हे स्पष्टीकरण चालणार नाही, त्यातली चहापत्ती तीच आहे. तुळस-आल्याचा काढा चालतो. गवती चहा नावापुरताच चहा, तोही चालतो, फक्त त्यात पावडर टाकू नका. घरून येणाऱ्या पार्सलमध्ये मशेरीची डबी नाही ना, ते बघा. ती तंबाखूचीच असते.

‘कॅम्पसवर नाही, खोलीवर प्यायलो’ हाही बचाव नाही. कोड कॅम्पसबाहेरही लागू आहे, आणि नाव पटावर असेपर्यंत सुट्टीत सांगलीला आलात तरी लागू आहे.

पुरुषांनी दाढी सफाचट ठेवायची. मिशी चालते, नीट कातरलेली हवी. 2023 मध्ये पोशाखाचे नियम नव्याने लिहिले गेले, तेव्हा मापांचा बारीकसारीक काच कमी झाला, पण दाढीचा नियम तसाच राहिला. त्यामुळे सीनियरने सांगितलेल्या जुन्या नियमांवर विसंबू नका, चालू मजकूर उघडून बघा. सूट तीन कारणांनी मिळते : धार्मिक, वैद्यकीय किंवा नाटकातली भूमिका. दाढी केल्यावर केस आत वळून पुटकुळ्या येत असतील तर डॉक्टरांमार्फत अर्ज करता येतो. क्रम महत्त्वाचा : आधी लेखी परवानगी, मग दाढी.

विद्यापीठाच्या नियमाखालच्या घरांत मुलगा-मुलगी एकमेकांकडे गेले तर बैठकीची खोली आणि स्वयंपाकघर एवढ्यातच बसायचं, बेडरूममध्ये नाही. वेळ मध्यरात्रीपर्यंत, शुक्रवारी दीडपर्यंत. परीक्षेच्या आदल्या रात्री ग्रुप करून अभ्यास करायचा असेल तर लायब्ररी गाठा.

अभ्यासातल्या चोरीबद्दलचा गैरसमज जास्त खोल आहे. मूळ वाक्य ‘उन्हाळ्यात विहिरींची पातळी झपाट्याने घटते’ असं आहे आणि तुम्ही ‘विहिरींचं पाणी उन्हाळ्यात वेगाने खाली जातं’ असं लिहून स्रोत दिला नाहीत, तर तीही चोरीच. शब्द तुमचे असले तरी कल्पना दुसऱ्याची आहे. बीवाययू यात भेद करतं. जाणूनबुजून उचललेला मजकूर हा ऑनर कोडचा भंग. नकळत झालेली उचल कोडचा भंग नाही, पण निष्काळजीपणा म्हणून प्राध्यापक गुण कापू शकतात. एकच निबंध न सांगता दोन विषयांना देणंही गैरवर्तनात मोडतं. स्वतःचाच निबंध आहे, मग चोरी कसली, असं वाटतं खरं. पण दोन्ही प्राध्यापकांना आधी विचारा आणि होकार ईमेलवर घ्या. नोट्स काढतानाच प्रत्येक मुद्द्यापुढे पान क्रमांक टाकत गेलात तर नकळत होणारी उचल बहुतेक टळते.

ऑनर कोड कार्यालयाचा ईमेल आला, तर उत्तर न देता बसू नका आणि घाबरून जुने मेसेजही डिलीट करू नका. आरोप नेमका कोणता, तक्रार कोणाची, हे लेखी विचारा. 2019 मध्ये विद्यार्थ्यांनी केलेल्या निदर्शनांनंतर कार्यालयाने जाहीर केलं, की आधीच दोषी धरलं जाणार नाही, तक्रारदार कोण ते सांगितलं जाईल आणि निनावी तक्रार सहसा घेतली जाणार नाही. अपवाद कॅम्पसवरच्या सुरक्षेचा. जे केलं ते केलं म्हणा. चहाच्या कपावरून चाललेली चौकशी खोट्या जबाबाने अप्रामाणिकपणाची होऊन बसते, आणि ते कलम चहाच्या कलमापेक्षा फार जड आहे.

लैंगिक अत्याचार झाला आणि त्या वेळी आपणही एखादा नियम मोडला होता, दारू घेतली होती किंवा उशिरा कोणाच्या खोलीवर होतो, म्हणून गप्प बसणं ही सगळ्यात घातक चूक. 2017 पासून लेखी धोरण आहे, की तक्रार करणाऱ्यावर त्या घटनेच्या वेळी किंवा आसपास घडलेल्या ऑनर कोडच्या भंगासाठी कारवाई होत नाही. ही तक्रार ऑनर कोड कार्यालयात नाही, टायटल नाइन (शिक्षणसंस्थांतल्या लिंगभेदाविरुद्धचा अमेरिकी कायदा) कार्यालयात करायची.