टायमिंग बेल्ट बदलताना व्हॉल्व्ह नेमके कधी वाकतात

आयटीआयचा मेकॅनिक मोटर व्हेईकल ट्रेड करून आलेली पोरं गॅरेजात रुळली की विचारतात, "दादा, टायमिंगचं काम कधी देणार?" काम तसं अवघड नाही. पिस्टनला जोडलेला क्रँक आणि व्हॉल्व्ह उघडणारा कॅम, या दोन दांड्यांना जोडणारा दातेरी पट्टा, म्हणजे टायमिंग बेल्ट, बदलायचा. पण डिझेल इंजिनात पिस्टन पूर्ण वर आला की त्याच्या आणि हेडच्या मध्ये जेमतेम मिलिमीटरभर जागा उरते. डस्टरचं 1.5 डीसीआय घ्या की जुन्या इनोव्हाचं 2.5 लिटरचं, उघडा व्हॉल्व्ह आणि वर आलेला पिस्टन तिथे एकत्र मावत नाहीत. काही पेट्रोल इंजिनांत मावतात, पण त्या भरवशावर काम करू नका.

बेल्टचा दात चुकला की लगेच व्हॉल्व्ह गेले, असं नसतं. एका दाताच्या फरकाने बऱ्याचदा गाडी नुसती पिकअप सोडते, धूर मारते. वाकतात ते जोर लावल्यावर.

म्हणून क्रँक पुलीचा बोल्ट बेल्ट जागेवर असतानाच ढिला करून घ्या. वरचा गिअर टाकून एकाला ब्रेकवर बसवा, नाहीतर फ्लायव्हील लॉक लावा. टायमिंगची पिन ही क्रँक नेमक्या खुणेवर धरायला असते, तिच्या जिवावर बोल्ट सोडायला गेलात तर पिन तरी वाकते, नाहीतर ब्लॉकला चीर जाते. बोल्ट ढिला झाला की गाडी न्यूट्रलला आणि बॅटरीचं टर्मिनल काढून बाजूला. कुणीतरी सहज चावी फिरवतो, ही गॅरेजातली जुनी रड आहे.

बेल्ट उतरल्यावर कॅम स्प्रिंगच्या दाबाने कधी कधी स्वतःच उडी मारतो. तो परत खुणेवर आणायचा असेल तर आधी क्रँक टीडीसीपासून (पिस्टन पूर्ण वर असण्याची जागा) पाव फेरा मागे घ्या. चार सिलिंडरच्या इंजिनात मग चारही पिस्टन मध्यावर येतात आणि कॅम निर्धास्त फिरवता येतो. कॅम खुणेवर बसला की क्रँक त्याच वाटेने परत टीडीसीला आणा.

नवा बेल्ट चढवताना टेन्शनरच्या (बेल्ट ताणून धरणारं चाक) विरुद्ध बाजूला ढील राहू देऊ नका. टेन्शनर ओढल्यावर खूण सरकते ती याच ढिलाईमुळे.

आता खरी परीक्षा. सेल्फ मारायचा नाही. क्रँकला पाना लावून, इंजिन चालतं त्याच दिशेने, हाताने पूर्ण दोन फेरे. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक होतो, म्हणजे सगळे व्हॉल्व्ह एकदा उघडून मिटतात. मध्ये पाना अडेल, तेव्हा तो कसा अडतो ते हाताला कळलं पाहिजे. कॉम्प्रेशन असेल तर पाना दाबून धरल्यावर हळूहळू पुढे सरकतो, कारण दाबलेली हवा पिस्टनच्या रिंगांच्या बाजूने निसटत असते. व्हॉल्व्ह टेकला असेल तर एकदम टणक, लोखंडाला लोखंड. तिथे अजून थोडा नेट लावून बघू, म्हणणाऱ्याच्या हातून पाना काढून घ्यावा. ग्लो प्लग (डिझेल इंजिनात सिलिंडर तापवणारे) काढून ठेवलेत तर कॉम्प्रेशनचा अडथळा जातो आणि शंकाच उरत नाही. दोन फेऱ्यांनंतर खुणा पुन्हा तपासा.

वॉटर पंप बेल्टवरच चालत असेल तर टेन्शनर, आयडलर (बेल्टला वळण देणारं चाक) आणि पंप एकत्रच बदला. गिऱ्हाईक कुरकुर करतं, करू द्या. पंप अडकला की नवा बेल्टही दात सोडतो.

आणि कुणी सेल्फ मारून बसलाच, तर लगेच हेड उतरवू नका. आधी टायमिंग बरोबर लावा, मग एकेक सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टीडीसीला आणून कॉम्प्रेसरची हवा सोडा. हवा सायलेन्सरमधून फुसफुसली तर एग्झॉस्टचा व्हॉल्व्ह बसत नाही, एअर फिल्टरकडून आली तर इनटेकचा.